लागलेला अडसर पुन्हा लावला तर

"मानवजातीने आजवर तीनच शोध लावले. चाक, लेखणी आणि तक्ता. बाकी सगळी त्यांचीच नातवंडं."

डॉ. हेक्टर टिंडल यांनी खिडकीबाहेरच्या गोठलेल्या कालव्याकडे पाहत हे वाक्य उच्चारलं आणि ते खोलीत नीट मुरावं म्हणून थोडं थांबले. ऐकायला दोघंच होते. त्यांतला एक रेडिएटर दुरुस्त करायला आला होता. त्याने रेडिएटरमागून डोकं बाहेर काढून विचारलं की मग पाना कुणाचा नातू. दुसरी बर्नडेट कोझाक. गणितातली डॉक्टरेट घेऊन ती या खोलीत आली त्याला बरीच वर्षं झाली होती आणि हे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की नातवंडांची नावंसुद्धा तिने सांगितली असती. तिने मान वर केली नाही.

खोली पोर्ट हॅवलॉकमधल्या पूल खात्याच्या इमारतीत होती. तळघर म्हणावं तर थोडी वर आणि तळमजला म्हणावा तर थोडी खाली. गावात तिला ‘तक्तेवाल्यांची खोली’ म्हणत. सरोवराला मिळणाऱ्या कालव्यांवरचे उचलते पूल तोवर माणसं हँडल फिरवून वरखाली करत आली होती. आता ते काम कपाटाएवढा संगणक करू लागला होता. संगणकाचा प्रोग्राम एकसंध नसतो. त्याचे भाग असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. फाटकाचं एक, वारामापकाचं एक, अडसरांचं एक. प्रत्येक मॉड्यूल आतून काम कसं करतं हे त्याचं गुपित असतं आणि ते त्याने खुशाल ठेवावं, असं टिंडलांचं मत होतं. पण बाहेरून हाक मारली तर ते काय करील, हे वचन मात्र उघड्यावर, लेखी आणि तक्त्यात दिलेलं पाहिजे. ते वचन जोवर तक्त्यात बसत नाही तोवर टिंडलांची सही नाही, आणि सही नाही तोवर पूल सुरू नाही.

तक्त्याचे कायदे दोनच. एकही रकाना रिकामा राहता कामा नये, आणि एकाच प्रसंगाला दोन रकाने लागू पडता कामा नयेत. म्हणजे कुठलीही वेळ येवो, उत्तर असलं पाहिजे आणि एकच असलं पाहिजे. ऐकायला हे इतकं सोपं वाटतं की पहिल्यांदा ऐकणारा माणूस हसतो. नंतर तो तक्ता भरायला बसतो आणि मग हसत नाही.

शिवाय खोलीत काही शब्दांना बंदी होती: ‘साधारणपणे’, ‘शक्यतो’, ‘यथायोग्य’, ‘आवश्यकतेनुसार’ आणि सर्वांत वर ‘इत्यादी’. जो हे शब्द उच्चारील त्याने संध्याकाळी सगळ्यांच्या गाड्यांच्या काचांवरचा बर्फ खरवडायचा. ओंटारिओचा हिवाळा लक्षात घेता माणसं फार लवकर नेमकं बोलायला शिकत. टिंडलांची बायको एडना घरी फोनवर ‘साधारण किती वाजता येताय’ असं एकदाच विचारून चुकली होती. तेव्हापासून ती काही विचारत नसे. जेवण ओव्हनमध्ये ठेवून बर्फावर दगड सरकवायचा कर्लिंगचा खेळ खेळायला निघून जाई.

तर त्या मार्च महिन्यात खात्याच्या सचिव लाफ्लेश बाईंचा फोन आला. बाई बोलायला गोड होत्या आणि त्यांचं गोड बोलणं खात्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी आधी हवेची चौकशी केली, मग एडनाची, मग टिंडलांच्या गुडघ्याची. मग म्हणाल्या की शनिवारी हंगामातलं पहिलं जहाज येतंय. पहिल्या जहाजाच्या कप्तानाला महापौर जुनी उंच टोपी घालतात ती रीत तर तुम्हाला माहीतच आहे. यंदा टोपीबरोबर नव्या पुलाचं उद्घाटनही आहे. टोपी झाली की शाळेचं बँडपथक वाजवत वाजवत पूल ओलांडणार. शनिवारी सकाळी नगरभवनात तुमची सही हवी. हरकत असेल तर तीही चालेल, पण दाखवता येईल अशी हवी. नुसतंच ‘तक्ता पुरा व्हायचाय’ असं असेल, तर मला वाटतं, हेक्टर, तो तक्ता यापुढे पुरा करायची गरजच उरणार नाही.

म्हणजे काय ते त्यांनी पुढच्या चार वाक्यांत सांगितलं. खोली बंद. बर्नडेट हिशेबखात्यात. टिंडल उत्तरेकडच्या विभागात, जिथे मूस नावाची अवाढव्य हरणं रस्ता ओलांडतात तिथल्या ‘सावकाश चालवा’च्या पाट्यांची नोंद करायला. आणि पूल बांधणाऱ्या कंपनीची माहितीपुस्तिका साऱ्या प्रांतात नमुना म्हणून वाटली जाणार.

मूसचं टिंडलांना काही वाटलं नाही. मूस हा निदान एका वेळी एकाच बाजूने रस्ता ओलांडतो. पण ती माहितीपुस्तिका त्यांच्या टेबलावर पडलेली होती आणि ती नमुना ठरणार हे ऐकताच त्यांनी ती पालथी घातली.

पुस्तिका गार्नेट टीपल याच्या कंपनीने लिहिली होती. टीपल हा गुबगुबीत, लालबुंद गालांचा, दिलखुलास माणूस. कुणाच्याही खोलीत शिरताना हातात बटर टार्टचा, म्हणजे गोड पेस्ट्र्यांचा, खोका असायचा आणि बाहेर पडताना सही झालेला कागद. त्याच्या पुस्तिकेत पुलाचं वर्णन एखाद्या सहलीच्या आठवणी लिहाव्यात तसं होतं. ‘साधारणपणे वाऱ्याचा वेग वाढल्यास यंत्रणा आवश्यकतेनुसार यथायोग्य पावलं उचलते.’ हे वाक्य टिंडलांनी वाचलं तेव्हा त्यांना चष्मा काढून थोडा वेळ डोळे मिटून बसावं लागलं. एका वाक्यात तीन. मोठ्याने वाचलं असतं तर वसंत ऋतूपर्यंत काचा खरवडत बसावं लागलं असतं.

तरी सगळी पुस्तिका मनातल्या मनात वाचली आणि कामाला बसले. दोघांनी मिळून पुस्तिकेतलं एकेक मॉड्यूल उपसून तक्त्यात घालायला सुरुवात केली. फाटकाचं झालं, मोटरचं झालं, वारामापकाचं झालं. टीपलची माणसं फोनवर विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देत होती आणि ती उत्तरं चक्क बरी होती. गुरुवारी अडसरांचं मॉड्यूल टिंडलांनी स्वतः घेतलं. पूल खाली बसला की चारही कोपऱ्यांत पोलादी अडसर सरकतात आणि त्याला जागी धरून ठेवतात. वर जायचं असेल तेव्हा ते निघतात. या मॉड्यूलला बाहेरून दोनच हाका मारता येतात: ‘लाव’ आणि ‘काढ’. तक्ता लहानसा. अडसर निघालेला असताना ‘लाव’ म्हटलं तर लागतो. लागलेला असताना ‘काढ’ म्हटलं तर निघतो. निघालेला असताना ‘काढ’ म्हटलं तर काय, याचं उत्तर मोटरचं मॉड्यूल देत होतं: ती हाक ते कधी मारतच नाही, आधी विचारून घेतं. राहिला एक रकाना. लागलेला असताना ‘लाव’.

पुस्तिकेत यावर काही नव्हतं. टिंडल थकले होते, गुडघा दुखत होता आणि घरी ओव्हनमध्ये खिमा-बटाट्याचा शेपर्ड्स पाय वाळत होता. त्यांनी रकान्यात लिहिलं: ‘असं होणार नाही.’ आणि तक्ता बर्नडेटकडे सरकवला.

त्या खोलीचा आणखी एक नियम असा की ज्याने तक्ता लिहिला त्याने तो तपासायचा नाही, आणि तपासणाऱ्याचा शब्द अखेरचा. मग लिहिणारा कुणीही असो. हा नियम टिंडलांनीच केला होता, दुसऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून.

"हे काय आहे?" बर्नडेटने विचारलं.

"कुठे?"

"‘असं होणार नाही.’ कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"तुम्ही कोण? पूल?"

टिंडल म्हणाले, "अगं, लागलेला अडसर पुन्हा कोण लावील? दार लावून झाल्यावर पुन्हा कुणी लावतं का?"

"माझी आई. झोपायच्या आधी दोनदा, आणि मग परत खाली जाऊन एकदा."

"तुझी आई काही मॉड्यूल नाही."

"मॉड्यूल असती तर तक्त्यात तिची वेगळी ओळ केली असतीत. डॉक्टर, इथे माझ्यासारख्या कुणी हे लिहिलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

टिंडलांनी काय केलं असतं ते दोघांनाही माहीत होतं. त्यांनी भाषण केलं असतं. ‘अशक्य’ असं लिहायला हरकत नाही, पण ते अशक्य आहे याची हमी कोण देतो त्याचं नाव शेजारी लिहा, असं ते म्हणाले असते, आणि पुढे चाकावर आले असते.

ते उठले, कोट चढवला आणि बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्या उभ्या एक मेपलचं डोनट खाल्लं. दुसरं खाताना त्यांना कबूल करावं लागलं की बर्नडेटचं बरोबर आहे. तिसरं त्यांनी तिच्यासाठी बांधून घेतलं आणि परत येऊन तिच्या टेबलावर ठेवलं. तिने ते घेतलं. त्या खोलीत माफी मागायची पद्धत एवढीच होती. मग त्यांनी रकान्यातलं आपलं वाक्य रबराने पुसलं, फोन उचलला आणि हमी कोण देतो ते शोधू लागले.

अडसरांच्या मॉड्यूलवाल्याने सांगितलं की दुसऱ्यांदा ‘लाव’ येणारच नाही, फाटकवाले ते बघतात. फाटकवाला म्हणाला की आम्ही एकदाच हाक मारतो, बाकीचं वारामापकवाल्यांना विचारा. वारामापकवाला म्हणाला की वारा वाढला की आम्हीही सुरक्षेसाठी ‘लाव’ म्हणतो, पण अडसर आधीच लागलेला असला तर अडसरवाले सांभाळून घेतात. पुस्तिकेत तर स्वच्छच लिहिलं होतं: ‘हाक मारणाऱ्याने यथायोग्य खबरदारी घ्यावी.’ सगळे एकमेकांवर विश्वास ठेवून होते, आणि तो विश्वास साऱ्या ऑफिसात एक चक्कर मारून पुन्हा पहिल्याच टेबलावर येऊन बसला होता.

शुक्रवारी टिंडल स्वतः टीपलकडे गेले. त्याने खुर्ची दिली, टार्ट दिला, आणि अडचण ऐकून घेताना इतक्यांदा मान हलवली की टिंडलांना वाटलं, पटलं.

"प्रोफेसर," टीपल म्हणाला. टिंडल प्रोफेसर नव्हते आणि टीपलला ते ठाऊक होतं. "एक सांगू? राग मानू नकोस. तुझा तो रकाना फार सुंदर आहे. पण माझ्या शेडमध्ये याच पुलाची प्रतिकृती वर्षभर रोज वरखाली होतेय. अडसर लागतात, निघतात, लागतात, निघतात. एकदा चुकला नाही. तू कागदावर बघतोस, मी पुलावर बघतो."

टिंडलांनी विचारलं की शेडमध्ये वारा असतो का.

"शेडमध्ये वारा कुठून येणार? शेड आहे ती." टीपल मनापासून हसला. "टार्ट घे अजून एक. आणि उद्या सही करून टाक, बाबा. पोरं वाजवत जाणार आहेत. त्यांना काय सांगणार, रकाना रिकामा आहे म्हणून घरी जा?"

परत येताना गाडीत टिंडलांना प्रथमच भीती वाटली. वारा असताना काय होईल हे टीपलला माहीत नव्हतं, पण ते तर टिंडलांनाही माहीत नव्हतं. त्यांच्याजवळ होता तो एक रिकामा चौकोन. कदाचित दुसऱ्यांदा ‘लाव’ म्हटल्यावर काहीच होत नसेल. बहुतेक वेळा काहीच होत नाही. म्हणून तर माणसं ‘साधारणपणे’ हा शब्द वापरतात. सही केली आणि काही झालं नाही, तर खोली राहील. नाही केली आणि काही झालं नाही, तर खोली जाईल, आणि त्यांच्यामागे ‘यथायोग्य’ हा शब्द प्रांतातल्या प्रत्येक पुलावर चढेल. संध्याकाळी त्यांनी पेन काढून सहीच्या कागदावर टेकवलंसुद्धा. तेवढ्यात डोळ्यांसमोर बँडपथक आलं. विशेषतः सर्वांत मागचा, ढोल घेतलेला जाडसर मुलगा आला, जो हमखास मागे रेंगाळतो. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि लाफ्लेश बाईंना फोन करून सांगितलं की सकाळी सहीआधी परीक्षण होईल, माझ्या पद्धतीने. बाई म्हणाल्या, अर्धा तास देते. त्या वेळी त्यांनी गुडघ्याची चौकशी केली नाही.

परीक्षण हा प्रकार साऱ्या जगात एकाच तऱ्हेने होतो. सगळे टेबलाभोवती बसतात, कॉफी येते, कागदांची पानं उलटली जातात, कुणीतरी एखादी शुद्धलेखनाची चूक काढतो, सगळ्यांना समाधान वाटतं आणि ‘एकंदर छान आहे’ असं म्हणून मंडळी उठतात. टिंडलांच्या पद्धतीत छान आहे का हे कुणी कुणाला विचारत नाही. परीक्षकाला एक प्रश्न देतात, ज्याचं उत्तर समोरच्या कागदातूनच शोधावं लागतं. सापडलं नाही तर दोष परीक्षकाचा नाही, कागदाचा.

शनिवारी सकाळी नगरभवनाच्या सभागृहात महापौर गळ्यात साखळी घालून बसले होते. उंच टोपी टेबलावर होती. लाफ्लेश बाई घड्याळ काढून बसल्या होत्या. टीपल खोका फिरवत होता. बर्नडेटने फोनवर बोललेल्या टीपलच्या तिन्ही इंजिनिअरांना तीन कोपऱ्यांत बसवलं, प्रत्येकाच्या हातात त्यांचीच पुस्तिका दिली आणि एकच प्रश्न लेखी विचारला: अडसर लागलेला आहे, ‘लाव’ अशी हाक आली, काय होईल?

टीपल म्हणाला की आता शाळेच्या परीक्षेसारखी कॉपी तर करायची नाही ना. महापौर हसले. महापौरांना पुढच्या निवडणुकीत टीपलची गरज होती.

पहिल्याने पानं उलटली, परत उलटली, आणि लिहिलं: ‘काहीच होणार नाही.’ दुसऱ्याने फार वेळ लावला. त्याने लिहिलं: ‘धोक्याची घंटा वाजेल, बहुतेक.’ तिसरा पुस्तिका उघडेना. तो पीटर हॉफर नावाचा शांत, उंच माणूस होता आणि अडसरांचं मॉड्यूल त्यानेच लिहिलं होतं. तो पुस्तिका मांडीवर ठेवून छताकडे पाहत बसला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला. त्याने दोनच शब्द लिहिले आणि कागद पालथा ठेवला.

बर्नडेटने तिन्ही कागद वाचले. तिसऱ्याला ती थांबली आणि तिने तो टिंडलांकडे दिला. त्यावर लिहिलं होतं: ‘अडसर निघेल.’

हॉफरला उभं राहून सांगावं लागलं. अडसराची मोटर अर्धा फेरा फिरली की अडसर लागतो आणि आणखी अर्धा फिरली की निघतो. म्हणजे दोन्ही कामं एकच, अर्धा फेरा. म्हणून त्याने ‘लाव’ आणि ‘काढ’ या दोन्ही हाकांना एकच उत्तर दिलं होतं: अर्धा फेरा फिर. त्यात काही चुकीचं नव्हतं, फक्त लागलेला असताना कुणी ‘लाव’ म्हणू नये. आणि तसं कुणी म्हणणार नाही याची खबरदारी हाक मारणारा घेईल, असं पुस्तिकेतच होतं.

"आणि जोराचा वारा सुटला की वारामापक काय म्हणतो?" टिंडलांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका मऊ होता की बर्नडेटला धडकी भरली.

"‘लाव’," वारामापकवाला कोपऱ्यातून पुटपुटला.

 टीपलने हातातला खोका टेबलावर ठेवला. तो दिलदार माणूस होता आणि सहजासहजी हरणारा नव्हता. तो म्हणाला की कोपऱ्यात बसवून कुणालाही घाबरवता येतं. हॉफर सज्जन आहे, त्याला रात्री झोप लागत नाही, त्याच्या बोलण्यावर पूल अडवणार का? आपण सगळे पुलावर जाऊ. "मी स्वतः मधोमध उभा राहतो. निघू दे तुमचा अडसर."

लाफ्लेश बाईंनी घड्याळ पर्समध्ये टाकलं आणि म्हणाल्या की हे उत्तम. हॉफरने मात्र आधी पळत जाऊन पूल वर ओढणाऱ्या वजनांच्या साखळ्यांना अटकाव घातला, म्हणजे पूल निघालाच तरी वीतभराच्या वर जाऊ नये.

मंडळी आपापल्या गाड्यांनी पुलावर पोचली. कालव्यातला बर्फ फुटला होता. दूरवर जहाजाचा धूर दिसत होता. काठावर सारं गाव जमलं होतं आणि बँडपथक सुरांची जुळवाजुळव करत होतं. वारा औषधालाही नव्हता. टीपलने पुलाच्या मध्यभागी जाऊन लोकांना हात केला. लोकांना वाटलं उद्घाटन झालं, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पोलिसाने गावातल्या इतर गाड्या लांबच रोखून धरल्या होत्या. वरच्या केबिनमधून डोरीनने, ती पूल चालवायची, वाहतूक सोडायचं बटण दाबलं. फाटकाचे दांडे वर गेले, टिंडलांनी गुडघ्याला चालणं नको म्हणून आपली गाडी आणखी पुढे आणली, आणि पुलाखालून जड, समाधानी असा खट् आवाज आला. अडसर लागले आणि तोवर पूल खाली धरून ठेवणारी मोटर सुटली. आता वाऱ्याची कमतरता होती. बर्नडेटने केबिनमधलं फरशी पुसायचं फडकं काठीसकट उचललं, शिडीवरून छपरावर चढली आणि काठीने वारामापकाच्या वाट्या गरागरा फिरवू लागली. साऱ्या पोर्ट हॅवलॉकने तोंड वर करून हे पाहिलं. कुणी काही विचारलं नाही. सरकारी खात्याचे लोक काय करतात हे त्यांना तेव्हा प्रथमच दिसत होतं.

संगणकाच्या लेखी आता सरोवरावर वादळ उठलं होतं. त्याने कर्तव्यदक्षपणे हाक मारली: लाव.

खट्.

हा आवाज पहिल्यासारखाच होता, फक्त उलट्या बाजूने आला होता. कुठेतरी काहीतरी कुरकुरलं, आणि वजनांच्या ओढीने तो अवाढव्य पूल एखाद्या म्हाताऱ्याने खुर्चीतून उठावं तसा जड होऊन वीतभर वर आला. त्याच्याबरोबर गार्नेट टीपल वर आला. त्याच्या हातात टार्ट होता. तो त्याने खाल्ला नाही.

 टीपल पुलाच्या काठाशी आला, खाली पाहिलं, रस्ता आणि पूल यांच्यामधली फट पाहिली. तिथून बँडपथक अगदी समोर दिसत होतं. ढोल घेतलेला मुलगा खरंच सर्वांत मागे होता. टीपलने एक पाय खाली टाकला, मग दुसरा, आणि तो सरळ टिंडलांसमोर येऊन उभा राहिला. त्याच्या गालांवर लाली राहिली नव्हती.

"हेक्टर," तो म्हणाला, "तो रकाना दाखव मला."

टिंडलांनी कोटाच्या आतल्या खिशातून तक्ता काढला. तिथेच, पोलिसाच्या गाडीच्या बोनेटवर तो पसरला. टीपल वाकून पाहू लागला. त्याच्या खांद्यावरून हॉफर, हॉफरच्या खांद्यावरून महापौर. टीपलने रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं आणि विचारलं की इथे काय लिहिलं असतं म्हणजे हे झालं नसतं. टिंडल म्हणाले की काहीही. ‘तसाच राहील’ लिहिलं असतं तरी चाललं असतं, ‘घंटा वाजेल’ लिहिलं असतं तरी चाललं असतं. ते लिहायला कुणीतरी बसला असता, तर मोटर अर्धा फेरा फिरते हे त्याला आठवलं असतं.

टीपलने चौकोनावरून बोट उचललं. मग त्याने हॉफरला सांगितलं की सोमवारपासून ही पुस्तिका आख्खी या चौकोनांत घालायची, आणि मीही बसणार. हॉफर म्हणाला की सोमवारपर्यंत कशाला थांबायचं. त्याने खिशातलं पेन काढून तिथेच रकाना भरला. लिहिलं: ‘जागचा हलणार नाही.’ बर्नडेट छपरावरून उतरून आली, हातात ते फडकं तसंच, आणि तिने तो रकाना तपासून शेजारी आपलं नाव लिहिलं.

लाफ्लेश बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं की खोली राहील. एवढंच नाही, तर प्रांतातले बाकीचे पूलही आता या खोलीतून गेल्याशिवाय उघडणार नाहीत. त्यासाठी खोली वरच्या मजल्यावर नेण्यात येईल आणि तिथे खिडक्या जास्त असतील. महापौरांनी टाळी वाजवली. मग पोलिसाने वाजवली. मग काठावरच्या लोकांनी, नेमकं काय झालं हे न कळता पण पुलाला उठताना पाहून, जोरात वाजवली. बँडमास्तरला वाटलं हाच इशारा. पथकाने वाजवायला सुरुवात केली, काठावर, जमिनीवर पाय रोवून, पुरेपूर बेसूर. जहाजाने भोंगा दिला.

टिंडलांना भरून आलं. आयुष्यभर ते जे सांगत आले होते ते आज वीतभर उंच होऊन साऱ्या गावासमोर उभं होतं. त्यांनी घसा साफ केला. बर्नडेटने ओळखलं की आता चाक येणार, आणि या वेळी तिने मान वर करून ऐकायचं ठरवलं. टिंडलांनी उजवा हात उचलला. बँड थांबला. टीपलनेही हॅट काढून छातीशी धरली.

तेवढ्यात केबिनवरचा कर्णा खरखरला आणि डोरीनचा आवाज साऱ्या कालव्यावर पसरला.

"ऐका हो, जहाज आलंय, साखळ्यांचा अटकाव काढलाय, मी हँडल फिरवून पूल उचलते. पण ती निळी गाडी कुणाची आहे, टिंडलांची का? बरोबर दांड्याखाली लावलीय. जरा मागे घेता का? फाटक पडत नाहीये."